इकोच्या रिपोर्टात 'नो क्लॉट' लिहिलंय म्हणून बाबांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली

रावपुऱ्याची_लेक | ८ जानेवारी, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. इथे बडोद्याचे बरेच जण आहेत आणि त्यातले काही दवाखान्यांत काम करणारे आहेत म्हणून विचारते. बाबा ७१ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही जुनं. दिवाळीनंतर कमाटीबागेत फिरायला गेले की अर्ध्या फेरीतच बाकावर बसायला लागले, आम्हाला वाटलं वय झालं, थंडी आहे. घरच्या बीपी मशीनवर ते हृदयाचं चिन्ह सारखं लुकलुकायचं आणि तीनदा मोजलं तर ठोक्यांचा आकडा तीनदा वेगळा. शेवटी ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, हृदयाची लय बिघडणं), ठोके १२८.

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. डावं एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) ४५ मिलिमीटर, मायट्रल व्हॉल्व्हला (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) थोडी गळती, ईएफ (हृदयाचं पंपिंग) ४० ते ४५ टक्के आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'नो क्लॉट', म्हणजे रक्ताची गाठ नाही. इको करणाऱ्याने पण सांगितलं, काका, क्लॉट जेवुं कई नथी, शांतिथी घरे जाओ. डॉक्टरांनी ठोके कमी करायची गोळी दिली आणि अपिक्साबॅन दोन वेळा.

बाबा बँकेतून रिटायर झालेले, कागदावर जे लिहिलंय ते प्रमाण मानणारे. ब्रश करताना हिरड्यांतून दोनदा रक्त आलं आणि त्यांनी रिपोर्टच पुढे केला की गाठच नाही तर गाठीची गोळी कशाला. चार दिवस झाले घेत नाहीयेत, आणि मला आज कळलं. मामा म्हणतो सीटी करून टाक एकदाचं, ज्यांचं दुसरं मत घेतलं ते डॉक्टर म्हणाले गरज लागली तर घशातून इको करू. मला यातलं कशातून काय कळतं हेच समजत नाहीये, खूप भीती वाटतेय.

सुहास_मांजलपूर | रात्री १०:०३

ताई, बाकी चर्चा नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन लावा आणि गोळी चार दिवसांपासून बंद आहे हे स्पष्ट सांगा. माझ्या आत्याची हीच गोष्ट. तिने पण गोळी सोडली होती, कारण तिला "बरं वाटत होतं". नवव्या दिवशी सकाळी पूजेची थाळी हातातून पडली आणि तोंड वाकडं झालं. आज तीन वर्षं झाली, उजवा हात अजून वर जात नाही. हे लिहिताना पण कसंतरी होतंय, पण लिहितोय.

कांचन_इको | रात्री १०:४१

मी इको टेक्निशियन आहे, १९ वर्षं रोज हेच काम. हा धागा वाचून पोटात गोळा आला, कारण ते 'नो क्लॉट' हे शब्द मी स्वतः दिवसातून पंचवीस वेळा टाइप करते आणि घरी गेल्यावर ते असे वाचले जातात हे मला आज नीट कळलं.

सुहासदादांनी सांगितलंय ते आधी करा. आता का ते सांगते.

एएफमध्ये वरचा कप्पा, म्हणजे एट्रियम, नीट आकुंचन पावतच नाही, नुसता थरथरतो. रक्त तिथे रेंगाळतं, त्याची गाठ होते आणि ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक, म्हणजे लकवा. डाव्या एट्रियमला बाजूला एक छोटी पिशवी असते, करंगळीसारखी, आत कंगोरे असलेली. तिला लेफ्ट एट्रियल अपेंडेज म्हणतात. ज्यांच्या व्हॉल्व्हचा मोठा आजार नाही अशा एएफच्या पेशंटमध्ये डाव्या एट्रियममध्ये गाठ सापडली तर १० पैकी ९ वेळा ती या पिशवीत असते. आणि छातीवरून जो साधा इको आम्ही करतो त्यात ही पिशवी भरवशाने दिसतच नाही! आम्ही पुढून बघतो, बरगड्यांच्या फटीतून, आणि डावं एट्रियम असतं पार मागे, पाठीच्या बाजूला. त्यामुळे आमच्या 'नो क्लॉट'चा अर्थ एवढाच की जेवढं दिसलं तेवढ्यात गाठ नाही. पिशवी साफ आहे असा त्याचा अर्थ नाहीच.

आणि समजा पिशवी आज साफ असली तरी काय? गाठ पुढच्या आठवड्यात होऊ शकते. गोळी आज असलेल्या गाठीसाठी नसतेच हो, ती गाठ होऊ नये म्हणून असते. ती द्यायची की नाही हे इकोत गाठ दिसली का यावर ठरत नाही, ते चॅड्स-व्हॅस्क स्कोअरवर, म्हणजे वय, बीपी, शुगर अशा धोक्यांच्या गुणांवर ठरतं. बाबांचं ६५ च्या वरच्या वयाचा एक, बीपीचा एक, शुगरचा एक, इथेच तीन झाले. पुरुषांमध्ये दोन किंवा जास्त असेल तर गोळी द्या असंच सगळे गाइडलाइन सांगतात. त्यात ईएफ कमी आलाय, डॉक्टरांनी ते हार्ट फेल्युअर धरलं तर आणखी एक. अपिक्साबॅनचा असर एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणजे बाबा सध्या संरक्षणाशिवाय फिरतायत.

रावपुऱ्याची_लेक | रात्री ११:२०

डॉक्टरांशी बोलले. आजच्या रात्रीपासून गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली आणि उद्या बोलावलंय. बाबा ऐकायला तयार नव्हते, मी कांचनताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, म्हणजे कर्णिका का? आम्हाला शाळेत कर्णिका आणि जवनिका असंच शिकवलं होतं, तुमचं एट्रियम-बिट्रियम नव्हतं. मग गोळी घेतली. कांचनताई, एक विचारू का, मग तो इको केला कशाला?

कांचन_इको | रात्री ११:४८

कर्णिका! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. बाबांना सांगा अगदी बरोबर, कर्ण म्हणजे कान, आणि मी ज्या पिशवीबद्दल सांगितलं ती बाहेरून खरंच कानाच्या पाळीसारखी दिसते.

इको कशाला म्हणाल तर एएफ सापडल्यावर सगळ्यात आधी करायची तपासणी तीच आहे, फक्त तिचा प्रश्न वेगळा आहे. व्हॉल्व्ह कसे आहेत, विशेषतः मायट्रल अरुंद आहे का. पंपिंग किती आहे. डावं एट्रियम किती ताणलंय, कारण ते जितकं मोठं तितकं हृदय पुन्हा लयीत आणणं आणि लयीत ठेवणं अवघड. बीपीमुळे भिंती जाड झाल्यात का, फुप्फुसातलं प्रेशर वाढलंय का. यावर पुढचे सगळे निर्णय उभे राहतात.

अजून एक, ईएफ ४० वाचून घाबरू नका. १२८ ने पळणाऱ्या आणि वेड्यावाकड्या लयीतल्या हृदयाचा ईएफ मोजणं कठीण असतं, प्रत्येक ठोका वेगळा, एक भरलेला तर दुसरा अर्धा रिकामा. म्हणून पाच ते दहा ठोक्यांची सरासरी काढायची असते, पण बाहेर पन्नास पेशंट बसलेले असले की ती किती जण काढतात ते मी इथे लिहीत नाही. शिवाय महिनोन् महिने हृदय असं पळत राहिलं तर नुसत्या पळण्यानेच ते थकतं आणि ठोके ताब्यात आले की पुष्कळदा सावरतं. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा इको करा, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.

वेल्ड_तपासनीस | ९ जानेवारी, सकाळी ७:१५

मी डॉक्टर नाही. कलाभवनातून मेकॅनिकल केलं आणि आयुष्यभर कोयलीच्या रिफायनरी पट्ट्यात पाइप आणि व्हेसलच्या वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी केली. कांचनताईंनी लिहिलंय ते माझ्यासारख्याला लगेच पटतं. प्रोब लावायच्या आधी आम्ही वेल्डवर जेल चोपडायचो, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाजाची लाट पुढे जात नाही, तिथूनच परत येते. छातीवर जेल लावतात ते त्याचसाठी. आणि फुप्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंज, तो मध्ये आला की मागचं दिसणार कसं. आम्हाला पण एका बाजूने वेल्ड नीट दिसला नाही तर दुसऱ्या बाजूने प्रोब लावायला लागायचा, आणि जो भाग तपासता आला नाही तो रिपोर्टात "अनइन्स्पेक्टेड" म्हणून लिहायचा कडक नियम होता. तो कॉलम रिकामा ठेवला तर साहेब सही करत नसत. हृदयाच्या रिपोर्टात पण तशी ओळ हवी, मला मनापासून वाटतं.

आणि हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, हृदयाचा इको आमच्याच धंद्यातून आलाय. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंड गावी इंगे एडलर नावाचे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते, त्यांनी जहाजाच्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र हृदयावर लावून बघितलं. एडलरना हवं होतं मायट्रल व्हॉल्व्हचं निदान, ऑपरेशनच्या आधी. ७२ वर्षांचा होईन मार्चमध्ये, पण हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

कांचन_इको | सकाळी ७:५०

काका, "अनइन्स्पेक्टेड"ची कल्पना मी आज आमच्या सरांना सांगणार आहे. अपेंडेज या तपासणीत बघता येत नाही, एवढी एक ओळ.

वाघोडिया_रोड | सकाळी ११:०८

घशातून इकोचा अनुभव लिहितो, कारण लोक नळीला फार घाबरतात, मी पण घाबरलो होतो. वय ५८. माझं एएफ किती दिवसांचं ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि डॉक्टरांना शॉक देऊन लय सरळ करायची होती. त्यांनी दोन रस्ते सांगितले, एक तर तीन आठवडे न चुकता रक्त पातळ करायची गोळी घ्यायची आणि मग शॉक, नाहीतर घशातून इको करून गाठ नाही याची खात्री करायची आणि लगेच शॉक. मला लग्नाला जायचं होतं म्हणून मी दुसरा घेतला.

सहा तास काही खाल्लं-प्यायलं नाही. कवळी असेल तर काढून ठेवायला लावतात. घशात औषधाचा फवारा मारला, कडूजहर चव, घसा सुन्न, मग डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लास्टिकची कडी दिली म्हणजे नळी चावली जाऊ नये, आणि झोपेचं इंजेक्शन. नळी खाली जाताना एकदा जोरात उमासा आला, त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. नंतर घसा ताळ्यावर येईपर्यंत पाणी पण देत नाहीत, ठसका लागतो.

आणि काय सापडलं? गाठ. त्या पिशवीतच. छातीवरून केलेल्या इकोत माझ्या पण 'नो क्लॉट'च होतं, आठ दिवस आधी, त्याच दवाखान्यात. त्या दिवशी शॉक दिला असता तर लय सरळ झाल्याबरोबर ती गाठ निघून कुठे गेली असती याचा विचार करून मी दोन रात्री झोपलो नाही. लग्नाला गेलो नाही. सहा आठवडे गोळी, परत नळी, गाठ गेलेली, मग शॉक.

कांचन_इको | दुपारी १:३०

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलं. अन्ननलिका डाव्या एट्रियमच्या अगदी मागून जाते, त्यामुळे तिथून ती पिशवी समोर ठेवल्यासारखी दिसते. गाठ नसली तरी कधीकधी आत धुरासारखं फिरताना दिसतं, त्याला आम्ही स्मोकच म्हणतो, ते रेंगाळलेलं रक्त. पिशवी रिकामी व्हायचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर आम्ही सावध होतो.

तुम्ही सांगितलेले दोन्ही रस्ते एकमेकांसमोर ठेवून अभ्यास झालाय, ॲक्यूट नावाचा, २००१ मध्ये छापला, १,२२२ पेशंट. स्ट्रोकसारख्या गोष्टींत फरक नव्हता, नळीवाल्या गटात रक्तस्राव कमी झाले. पण नळीत सगळं साफ दिसलं तरी शॉकनंतर निदान चार आठवडे गोळी लागतेच, कारण लय आली तरी एट्रियम काही दिवस सुन्न असतं आणि तेव्हा पण गाठ होऊ शकते. ज्यांचा स्कोअर जास्त त्यांना चार आठवड्यांनंतरही चालूच. लय सरळ झाली म्हणून गोळी सोडणारे पण मी खूप बघितलेत.

अमित_गोत्री | दुपारी ४:१२

मला एक कळत नाही, आता सीटीत सगळं दिसतं ना, मग माणसाला नळी गिळायला कशाला लावायची. माझ्या सासऱ्यांचं ॲब्लेशनच्या (हृदयात नळी घालून बिघाडाच्या जागा जाळतात त्याच्या) आधी सीटी झालं, दहा मिनिटांत बाहेर. तुमच्या मामांचं बरोबर आहे, पैसे असतील तर सगळ्यांनी सीटीच करावं.

कांचन_इको | संध्याकाळी ६:२०

अमितदादा, सासऱ्यांचं अगदी योग्य केलं. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोच्या हेसागेर आणि मंडळींनी दाखवलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, म्हणून ॲब्लेशनमध्ये त्या शिरा वेगळ्या पाडतात. कोणाला चार शिरा, कोणाला दोन मिळून एकच तोंड, कोणाला जास्तीची एक, हा नकाशा सीटीत सुंदर मिळतो. पिशवीतली गाठ पण दिसते. पण साचलेल्या रक्तात सीटीसाठी शिरेतून दिलेला डाय नीट पोचत नाही आणि ते गाठीसारखं दिसतं, म्हणून थोडं थांबून दुसऱ्यांदा चित्र घ्यावं लागतं. ते घेतलं तर सीटी चांगलंच.

तरी "सगळ्यांनी" हे मला मान्य नाही. शुगरवाला ७१ वर्षांचा माणूस, किडनी कशी आहे ते बघितल्याशिवाय डाय देणार का? रेडिएशन आहे. आणि मुख्य म्हणजे बाबांचं ॲब्लेशन ठरलेलं नाही, शॉक ठरलेला नाही. त्या चित्राने कोणता निर्णय बदलेल ते मला सांगा.

अमित_गोत्री | संध्याकाळी ६:५५

निदान मनाला शांती मिळेल. पण किडनीचं बरोबर आहे, ते डोक्यात नव्हतं. एमआरआयचं काय मग, त्यात डाय लागत नाही ना?

कांचन_इको | रात्री ८:०५

लागतो, वेगळा लागतो, गॅडोलिनियम, आणि किडनी फार खराब असेल तर तो पण जपून. एमआरआयमध्ये एट्रियमच्या भिंतीतले व्रण दिसतात आणि वाटत होतं की ते बघून तिथे तिथे ॲब्लेशन केलं तर फायदा होईल, पण २०२२ मध्ये डिकाफ-टू नावाचा अभ्यास आला त्यात नुसत्या शिरा वेगळ्या पाडण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. खालच्या कप्प्याच्या स्नायूचा आजार असेल असा संशय असला तर मात्र एमआरआयला तोड नाही. मन:शांतीचं म्हणाल तर ज्यांनी गोळी सोडली त्या बाबांना पण त्या रिपोर्टाने मन:शांतीच दिली होती.

सई_वाडी | रात्री ९:४०

मला माझं सांगायचंय, कारण माझ्या बाबतीत साध्या इकोनेच सगळं फिरवलं. लहानपणी सारखा घसा धरायचा, सांधे सुजायचे, कोणी लक्ष दिलं नाही. ३४ व्या वर्षी धडधड सुरू झाली, एका दवाखान्यात नुसता ईसीजी बघून एएफ म्हणाले आणि नव्या पद्धतीची रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. इको नंतर करू म्हणाले. ते 'नंतर' पाच महिने आलंच नाही. मग सयाजी हॉस्पिटलमध्ये दाखवलं, तिथे इको झाला आणि मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, बघ, हा व्हॉल्व्ह हॉकी स्टिकसारखा वाकतोय, उघडतच नाहीये पूर्ण. रूमॅटिक मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे लहानपणच्या त्या दुखण्याने अरुंद झालेला व्हॉल्व्ह, बऱ्यापैकी अरुंद. आणि पहिलं वाक्य त्यांनी हे सांगितलं की तुझ्यासाठी ती नवी गोळी नाही, तुला जुनी, असिनोकुमारॉल, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवून.

मी नंतर वाचलं, २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास झालाय, साडेचार हजार रूमॅटिक पेशंट, भारतातले पण, त्यात रिव्हरोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळ्यांवरचे पेशंट चांगले राहिले, मृत्यू पण कमी. म्हणजे कोणती गोळी हे ठरवायलाच इको लागतो. आपल्याकडे तरुण बाईला एएफ झालं तर आधी व्हॉल्व्ह बघा, हे मी ओरडून सांगेन.

पुढे अहमदाबादला यू. एन. मेहता हृदय रुग्णालयात फुग्याने व्हॉल्व्ह उघडला, त्याच्या आधी पण घशातून इको झाला, गाठ नाही ना ते बघायला. एट्रियम अजून मोठंच आहे, एएफ पण आहे, पण मी मांडवीच्या दोन जिन्यांवर घर असून न थांबता चढते. फक्त उत्तरायणाच्या दिवसांत आयएनआर डगमगतो, उंधियुं, मेथीचे मुठिये, हिरवा लसूण, सगळी हिरवळच. सोडत नाही मी, पण दर आठवड्याला साधारण तेवढंच खाते आणि या दिवसांत तपासणी लवकर करून घेते.

सुहास_मांजलपूर | रात्री १०:१५

सईताई, आत्याला हे सगळं सांगणारं कोणी असतं तर.

रावपुऱ्याची_लेक | १० जानेवारी, दुपारी ३:३०

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. कांचनताईंचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टर म्हणाले सध्या शॉक द्यायचा विचार नाही, आधी ठोके ताब्यात आणू, त्यामुळे घशातून इको आत्ता नको आणि सीटी तर नकोच. मायट्रल अरुंद नाही हे इकोत स्पष्ट आहे म्हणून अपिक्साबॅन योग्य. क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि थायरॉइड तपासायला दिलं. हिरड्यांसाठी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी सफाई केली, कीट साठलेलं होतं, आणि गोळी बंद न करता केली. इको तीन महिन्यांनी परत.

रावपुऱ्याची_लेक | ११ एप्रिल, रात्री ८:४५

मंडळी, आज दुसरा इको झाला. ठोके ७६, ईएफ ५५ टक्के! डावं एट्रियम तेवढंच आहे, ४५, एएफ पण आहे. कमाटीबागेची पूर्ण फेरी होते आता, फक्त ऊन चढायच्या आत. आता लय सरळ करायची का यावर डॉक्टर पुढच्या भेटीत बोलणार आहेत, आणि तसं ठरलं तर तेव्हा घशातून इको लागेल का तेही.

या रिपोर्टात पण खाली 'नो क्लॉट' आहे, तसंच ठळक. बाबांनी रिक्षातच खिशातून पेन्सिल काढली आणि त्याच्यापुढे बँकेतल्या अक्षरात लिहिलं, "कर्णिकेचा कान तपासलेला नाही. गोळी चालू." खाली सही आणि तारीख.

वेल्ड_तपासनीस | ११ एप्रिल, रात्री ९:०२

बाबांना माझा नमस्कार सांगा. रविवारी सकाळी मी पण बागेत असतो, बँडस्टँडपाशी.